वाचकांचे प्रश्न : तत्त्वज्ञानाची सुरुवात प्लेटोच्या संवादांपासून करावी का?

तत्त्वज्ञानाचे वाचन कोणत्या ग्रंथापासून सुरू करावे, असे विचारणारी पत्रे या सदराकडे नेहमी येतात. या वेळी निवडलेल्या पत्रांत प्राचीन ग्रीक संवादांविषयीचे, म्हणजे मुख्यतः प्लेटोविषयीचे, प्रश्न एकत्र आले आहेत. पत्रांचा आवश्यक तेवढाच भाग येथे दिला आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. महाविद्यालयात वाणिज्य शाखेत असल्यामुळे तत्त्वज्ञान शिकण्याचा प्रसंग कधी आला नाही. एका परिचितांच्या सांगण्यावरून प्लेटोचे ‘रिपब्लिक’ इंग्रजीतून वाचायला घेतले. पहिला भाग आवडला. परंतु पुढे कवींनी काय लिहावे आणि नगराच्या रक्षकांनी कोणते संगीत ऐकावे याची लांबलचक चर्चा सुरू झाल्यावर पुस्तक बाजूला पडले. आधी पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा एखादा इतिहास वाचून मग प्लेटोकडे यावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : इतिहास आधी वाचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात मते एकामागून एक मांडलेली असतात : थेलिसने सर्वांचे मूळ पाणी मानले, हेराक्लायटसने सर्व काही बदलत राहते असे म्हटले, प्लेटोने दिसणाऱ्या वस्तूंच्या पलीकडे शाश्वत आकारतत्त्वे मानली. ही माहिती चुकीची नसते, पण ती वाचणाऱ्याला एवढेच कळते की पूर्वी काही विद्वानांना बऱ्याच चमत्कारिक गोष्टी खऱ्या वाटत होत्या. ज्या अडचणीतून वाट काढण्यासाठी एखादे मत मांडले गेले ती अडचण वाचकाला स्वतःला जाणवलेली नसेल, तर ते मत पाठ करून फारसे काही हाती लागत नाही. प्लेटोचे छोटे संवाद आधी अडचण निर्माण करतात, आणि तीही वडिलांवर खटला भरावा का, मुलांना शस्त्रविद्या शिकवावी का, तुरुंगातून पळून जावे का, अशा साध्या प्रश्नांतून. त्यामुळे पूर्वतयारी नसलेल्या माणसाला ते थेट वाचता येतात. आपल्यासारख्या, आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदपत्रांतील त्रुटी शोधण्याची सवय झालेल्या वाचकाला तर अधिकच.

‘रिपब्लिक’च्या बाबतीत आपले जे झाले ते पुष्कळांचे होते. त्या ग्रंथाचे १० भाग आहेत आणि त्यांतला पहिला भाग प्लेटोच्या छोट्या संवादांसारखाच आहे, म्हणून तो आपल्याला आवडला. दुसऱ्या भागापासून नगरराज्याची उभारणी सुरू होते आणि तेथे वाचकाला सॉक्रेटिसची, म्हणजे प्लेटोच्या गुरूची, प्रश्न विचारत जाण्याची पद्धत आधीपासून परिचयाची आहे असे गृहीत धरलेले असते. जगभर हा ग्रंथ नवख्यांच्या हाती पहिला म्हणून दिला जातो, ते मला पटत नाही.

सुरुवात ‘युथिफ्रो’पासून करावी, तो एका बैठकीत वाचून होतो. इ.स.पू. ३९९ मध्ये सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर नगराचे देव न मानल्याचा, नवी दैवते आणल्याचा आणि तरुणांना बिघडवल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्या खटल्याच्या प्राथमिक कामासाठी तो न्यायाधिकाऱ्याच्या कचेरीपाशी आला असता त्याला युथिफ्रो भेटतो. हा युथिफ्रो स्वतःच्या वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला आला आहे. नॅक्सॉस बेटावरील त्यांच्या शेतात काम करणाऱ्या एका मजुराने दारूच्या नशेत घरच्या गुलामाला ठार मारले; वडिलांनी त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकले आणि पुढे काय करावे हे विचारण्यासाठी अथेन्सला माणूस पाठवला; तो माणूस परतण्याआधीच मजूर भुकेने आणि थंडीने मेला. बापावर खटला भरणे हे पाप आहे, असे घरच्या सर्वांचे म्हणणे. युथिफ्रो मात्र निर्धास्त आहे, कारण पुण्य आणि पाप यांचे नेमके ज्ञान आपल्याला आहे अशी त्याची खात्री आहे.

सॉक्रेटिस त्याला पुण्याची व्याख्या विचारतो. ‘मी आता करतो आहे ते पुण्य’ हे पहिले उत्तर व्याख्या नव्हे, तर एक उदाहरण आहे. ‘देवांना प्रिय ते पुण्य’ हे दुसरे उत्तर, आणि देवांची आपापसांत भांडणे असल्यामुळे त्यात दुरुस्ती करून ‘सर्व देवांना प्रिय ते पुण्य’ हे तिसरे. येथे सॉक्रेटिस विचारतो की एखादी कृती पुण्यकारक आहे म्हणून देवांना प्रिय असते, की देवांना प्रिय आहे म्हणून ती पुण्यकारक ठरते? युथिफ्रो जवळजवळ विचार न करता पहिला पर्याय स्वीकारतो, आणि त्या एका होकाराने त्याची व्याख्या कोसळते. कारण कृतीचे पुण्यत्व देवांच्या आवडीच्या आधीच ठरलेले असेल, तर ती आवड हे पुण्यत्वाचे स्वरूप होऊ शकत नाही.

आपण त्या ओळीपाशी थांबावे, अशी माझी सूचना आहे. युथिफ्रोने दुसरा पर्याय घेतला असता तर काय झाले असते? देवांच्या आवडीमागे मग कोणतेही कारण उरत नाही, आणि उद्या त्यांना दुसरेच काही आवडू लागले तर तेही पुण्य ठरते. एखादा कट्टर श्रद्धाळू हे परिणाम स्वीकारूनही आपल्या मतावर ठाम राहू शकतो, आणि पुढील शतकांत तसे विचारवंत झालेही. म्हणजे युथिफ्रोचा होकार अटळ नव्हता. प्लेटोचा संवाद वाचण्याची मला ठाऊक असलेली फलदायी पद्धत हीच आहे : उत्तर देणारा ‘हो’ म्हणाला की आपण त्या जागी ‘हो’ म्हटले असते का हे ठरवावे, आणि म्हटले नसते तर त्याचे कारण समासात पेन्सिलने लिहावे. सॉक्रेटिसचे शेवटचे म्हणणे काय, प्लेटोचा सिद्धांत कोणता, या प्रश्नांची घाई करू नये.

त्यानंतर ‘अपॉलॉजी’ हे सॉक्रेटिसचे न्यायालयातील भाषण आणि ‘क्रिटो’ हा तुरुंगातील संवाद, हे दोन्ही लागोपाठ वाचावेत. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत असताना १९०८ मध्ये ‘अपॉलॉजी’चा गुजराती सारांश ‘इंडियन ओपिनियन’मध्ये क्रमशः छापला होता आणि पुस्तिकारूपाने निघालेल्या त्या सारांशावर मुंबई सरकारने १९१० मध्ये ‘हिंद स्वराज’बरोबरच बंदी घातली, तेवीसशे वर्षांपूर्वीचे एक भाषण सरकारला धोकादायक वाटावे यातच त्याची ताकद दिसते. मात्र केवळ धीरोदात्त माणसाचे चरित्र म्हणून ते वाचून थांबू नये. ‘अपॉलॉजी’त सॉक्रेटिस न्यायालयाला बजावतो की तत्त्वचिंतन सोडण्याच्या अटीवर मला सोडणार असाल तर मी ती अट पाळणार नाही. ‘क्रिटो’त तोच सॉक्रेटिस अथेन्सच्या कायद्यांच्या तोंडून सांगतो की नागरिकाने नगराची आज्ञा पाळावी, अन्यथा नगराचे मन वळवावे. ही दोन विधाने एकत्र कशी बसतात, हे आपल्याला ठरवायचे आहे. पुढे ‘लॅकीस’ आणि ‘मेनो’ घ्यावेत, आणि मग हवे असल्यास ‘रिपब्लिक’कडे परत जावे. संगीताची चर्चा तेव्हाही लांबच वाटेल, पण ती का चालली आहे हे कळेल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘युथिफ्रो’ आणि ‘लॅकीस’ वाचले. दोन्हींत मूळ प्रश्नाचे उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही आणि पात्रे आपापल्या घरी जातात. ज्या चर्चेतून काहीच निष्पन्न होत नाही ती वाचण्यात वेळ का घालवावा? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : काहीच निष्पन्न होत नाही, हे आपण ‘लॅकीस’पुरते तपासून पाहू. दोन वयस्कर वडील आपल्या मुलांना चिलखत घालून लढण्याचे शिक्षण द्यावे का, हे लॅकीस आणि निसिअस या दोन सेनापतींना विचारतात. दोघांचे एकमत होत नाही, म्हणून सॉक्रेटिसला मध्ये घेतले जाते आणि प्रश्न ‘धैर्य म्हणजे काय’ असा होतो. रांगेतील आपली जागा न सोडणे म्हणजे धैर्य, असे लॅकीस म्हणतो. सॉक्रेटिस त्याला प्लॅटीयाच्या लढाईतील स्पार्टन सैनिकांची आठवण करून देतो : ते मागे हटले, शत्रूची फळी विस्कळीत झाली, आणि मग ते उलटून लढले व जिंकले. शिवाय आजारपणात, दारिद्र्यात, मोहाच्या वेळीही धैर्य लागते आणि तेथे रांग नसते. दुसऱ्या प्रयत्नात लॅकीस धैर्याला मनाची चिकाटी म्हणतो. पण विहिरीत उतरण्याचे कौशल्य नसताना उडी घेणारा माणूस कुशल माणसापेक्षा अधिक चिकाटी दाखवतो. आपण त्याला मूर्ख म्हणतो, तरी त्याला कमी धीट म्हणवत नाही. मग निसिअस सांगतो की कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये याचे ज्ञान म्हणजे धैर्य. त्यावर सॉक्रेटिस दाखवतो की भय हे पुढे येणाऱ्या अनिष्टाचे असते, आणि ज्याला इष्ट-अनिष्टाचे ज्ञान आहे त्याला ते भूत, वर्तमान व भविष्य अशा तिन्ही काळांतील असणार. तसे असेल तर हा सगळाच सद्गुण झाला, त्याचा धैर्य नावाचा एक भाग कोठे उरला?

आता हिशेब करा. धैर्य एका विशिष्ट कृतीत बांधता येत नाही. समज नसलेली चिकाटी पुरत नाही. आणि केवळ समज हेच धैर्य मानले तर धैर्य, न्याय, संयम यांतील भेद नाहीसा होतो. हे शेवटचे वाक्य आडवे का यावे? सद्गुण एकमेकांपासून वेगळे करता येतात, हे गृहीतक सर्वांनी सुरुवातीलाच मान्य केले होते म्हणून. निसिअसची व्याख्या सोडायची की हे गृहीतक सोडायचे, हा निर्णय प्लेटोने वाचकावर टाकला आहे. आपण गणितात एखादे विधान व्याघात दाखवून खोडून काढता, तेव्हा हाती काहीच लागले नाही असे म्हणत नाही. कोणते गृहीतक चुकले ते शोधू लागता.

यात आणखी एक बाब आहे, जी त्या काळच्या वाचकाला सांगावी लागत नसे. संवादात सॉक्रेटिस जाता जाता म्हणतो की कायद्याप्रमाणे ज्योतिषाने सेनापतीच्या आज्ञेत राहावे, सेनापतीने ज्योतिषाच्या नव्हे. हे ऐकणारा निसिअस पुढे इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीत चंद्रग्रहण पाहून शकुन सांगणाऱ्यांच्या सल्ल्याने माघार लांबणीवर टाकतो, आणि त्यात अथेन्सचे सैन्य व तो स्वतः अशा दोघांचाही नाश होतो. ‘काय घडणार याचे ज्ञान’ आणि ‘काय चांगले याचे ज्ञान’ यांत निसिअस गोंधळत होता की नाही, याचा विचार करूनच प्लेटोने त्याच्या तोंडी ती व्याख्या घातली असावी असे मला वाटते.

‘युथिफ्रो’च्या शेवटाकडेही पुन्हा पाहावे. देवांची सेवा करून आपण त्यांच्या कोणत्या कार्यात मदत करतो, असे सॉक्रेटिस विचारतो आणि युथिफ्रो यज्ञ व प्रार्थनांविषयी बोलू लागतो. तेव्हा सॉक्रेटिस म्हणतो की तू आता उत्तराच्या अगदी जवळ आला होतास आणि तेथूनच वळलास. एवढी स्पष्ट खूण लेखकाने क्वचितच ठेवलेली असते. त्या जागी परत जाऊन युथिफ्रोच्या वतीने उत्तर देऊन पाहणे हा उत्तम अभ्यास आहे.

सगळे संवाद असेच संपतात, हे मात्र खरे नाही; ‘क्रिटो’ आणि ‘गॉर्जियस’ यांत निष्कर्ष ठामपणे मांडलेले आहेत. आपण यापुढे ‘मेनो’ वाचावा. सद्गुण शिकवता येतो का, असे विचारत आलेला मेनो व्याख्येच्या प्रश्नात अडकतो आणि वैतागून म्हणतो की जी गोष्ट मुळीच ठाऊक नाही ती शोधणार कशी, आणि सापडली तरी ती हीच हे ओळखणार कशावरून? सॉक्रेटिस मेनोच्या एका अशिक्षित गुलाम मुलाला बोलावतो. २ फूट बाजू असलेल्या चौरसाचे क्षेत्रफळ ४ चौरस फूट. त्याच्या दुप्पट, म्हणजे ८ चौरस फुटांचा चौरस हवा असेल तर बाजू किती? मुलगा आधी ४ म्हणतो, तर क्षेत्रफळ १६ होते. मग ३ म्हणतो, तर ९ होते. आणि मग आपल्याला ठाऊक नाही असे कबूल करतो. सॉक्रेटिस मेनोला दाखवतो की आता हा मुलगा आधीपेक्षा बऱ्या स्थितीत आहे, कारण अगोदर न येणारी गोष्ट आपल्याला येते असे त्याला वाटत होते. अखेरीस पहिल्या चौरसाच्या कर्णावर दुप्पट चौरस उभा राहतो. येथेही आपली पेन्सिल चालावी : कर्णाची रेषा मुलाने काढली की सॉक्रेटिसने? ती सॉक्रेटिसने काढली. मग मुलगा शिकला की त्याला शिकवले गेले? पण तीन गुणिले तीन आठ होत नाहीत, हे त्याचे त्यालाच दिसले होते, आणि ते दुसऱ्या कोणी दाखवून दिसणारे नव्हते. आत्म्याला पूर्वजन्मीचे स्मरण होते, हा जो निष्कर्ष सॉक्रेटिस यातून काढतो, त्याविषयी तो स्वतःच पुढे म्हणतो की याच्या सर्व तपशिलांचा मी आग्रह धरणार नाही. परंतु ठाऊक नसलेले शोधले पाहिजे असे मानल्याने आपण अधिक चांगले आणि कमी आळशी होऊ, यासाठी मात्र मी शब्दाने आणि कृतीने झगडेन.

प्रश्न : सॉक्रेटिसशी बोलणारी माणसे ‘हो’, ‘अर्थात’, ‘निःसंशय’ याखेरीज काही बोलत नाहीत. प्लेटोने आपले म्हणणे सोपे जावे म्हणून समोर दुबळी माणसे उभी केली आहेत. याला संवाद कसे म्हणावे? (एक शिक्षक, म्हापसा)

उत्तर : आपली तक्रार उत्तरकालीन संवादांना बऱ्याच अंशी लागू पडते. ‘सोफिस्ट’ आणि ‘स्टेट्समन’ यांतील तरुण उत्तरदाते खरोखरच मान डोलावण्यापुरते आहेत, आणि ‘लॉज’ या शेवटच्या मोठ्या ग्रंथात कित्येक पाने एकच माणूस बोलतो. हे नवख्या वाचकांनी आधी हाती घेऊ नयेत. इतरत्र मात्र प्लेटोला आपल्या तक्रारीची जाणीव होती आणि त्याने ती पात्रांच्याच तोंडी घातली आहे.

‘गॉर्जियस’मधील कॅलिक्लीस घ्या. बलवानांनी अधिक घेणे हाच निसर्गाचा न्याय आहे, असे तो उघड सांगतो; आणि वादात मागे पडू लागल्यावर बजावतो की मी केवळ येथे बसलेल्या गॉर्जियसचे मन राखण्यासाठी ‘हो’ म्हणतो आहे. पुढे तो उत्तर देणेच थांबवतो आणि सॉक्रेटिसवर स्वतःच्या प्रश्नांना स्वतःच उत्तरे देण्याची पाळी येते. वादात जिंकूनही समोरच्याला पटवता आलेले नाही, हे इतक्या निर्दयपणे स्वतःच्या गुरूविषयी दाखवणारा लेखक दुबळी पात्रे शोधत होता असे म्हणणे कठीण आहे.

‘रिपब्लिक’च्या पहिल्या भागात थ्रॅसिमॅकस, बलिष्ठांचे हित तोच न्याय, असे म्हणतो. त्याला निरुत्तर करणारा सॉक्रेटिसचा शेवटचा युक्तिवाद मला स्वतःला लंगडा वाटतो : प्रत्येक वस्तूचे एक कार्य असते, आत्म्याचे कार्य जगणे, ते कार्य नीट करवून घेणारा आत्म्याचा गुण म्हणजे न्याय, म्हणून न्यायी माणूस नीट जगतो आणि सुखी होतो. न्याय हाच आत्म्याचा तो गुण आहे, हे थ्रॅसिमॅकसने कशावरून मान्य केले? त्यालाही ते पटलेले नाहीच. उत्सवाचा दिवस आहे, ही तुझी मेजवानी समज, असा टोमणा मारून तो गप्प बसतो. दुसरा भाग सुरू होतो तो चर्चा ऐकत बसलेल्या ग्लॉकॉनच्या वाक्याने : तुला आम्हाला पटवल्यासारखे दाखवायचे आहे की खरोखर पटवायचे आहे? म्हणजे पहिल्या भागातील होकारांवर समाधानी नसलेला पहिला वाचक ग्रंथातच बसलेला आहे, आणि उरलेले ९ भाग त्याच्या असमाधानातून निघाले आहेत. ‘फीडो’ या सॉक्रेटिसच्या मृत्युदंडाच्या दिवशीच्या संवादातही आत्म्याच्या अमरत्वाचे युक्तिवाद ऐकून सिमियस आणि सीबीझ हे त्याचे सोबती शंका काढतात, विषाचा पेला यायला काही तासच उरलेले असताना सॉक्रेटिस त्यांना सांगतो की सॉक्रेटिसचा विचार थोडा करा, सत्याचा अधिक करा, आणि मी बोलतो ते खरे वाटत नसेल तर सर्व बळ लावून विरोध करा.

प्रश्न : या संवादांतला सॉक्रेटिस खरा किती आणि प्लेटोचा किती? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सॉक्रेटिसने स्वतः काही लिहिले नाही. अ‍ॅरिस्टोफेनीसने इ.स.पू. ४२३ मध्ये ‘द क्लाउड्स’ या प्रहसनात त्याची टिंगल केली. झेनोफनने त्याच्या आठवणी लिहिल्या, त्यांत तो फार शहाणा, सुरक्षित सल्ला देणारा गृहस्थ दिसतो. आणि प्लेटोने त्याला तीसच्या आसपास संवादांत बोलते केले. या तिघांचा सॉक्रेटिस एकमेकांशी जुळत नाही. प्लेटो स्वतः कोठेही बोलत नाही. ‘अपॉलॉजी’त तो न्यायालयात हजर असल्याचा उल्लेख आहे, आणि ‘फीडो’त प्लेटो बहुधा आजारी होता असे सांगून त्याने शेवटच्या दिवशी आपली अनुपस्थिती नोंदवली आहे. सुरुवातीच्या वाचनासाठी या प्रश्नाचा निकाल लावण्याची गरज नाही. युक्तिवाद बरोबर की चूक, हे तो कोणी केला यावर ठरत नाही.

प्रश्न : मी संस्कृतची निवृत्त अध्यापिका आहे. संवादातून तत्त्वज्ञान सांगण्याची परंपरा उपनिषदांत आहेच. मग ग्रीकांकडे कशासाठी जायचे? शिवाय स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडन करणाऱ्याला न्यायदर्शन वितंडा करणारा म्हणते. सॉक्रेटिस याहून वेगळा कसा? (कोल्हापूर)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण एकासाठी दुसरे सोडावे असे माझे म्हणणेच नाही. छांदोग्यात उद्दालक श्वेतकेतूला शिकवतो, कठोपनिषदात यम नचिकेत्याला शिकवतो. दोन्ही ठिकाणी सांगणाऱ्याला ज्ञान आहे आणि ऐकणाऱ्याची पात्रता पाहून ते दिले जाते. बृहदारण्यकात गार्गी प्रश्नामागून प्रश्न विचारत जाते तेव्हा याज्ञवल्क्य तिला बजावतो की अतिप्रश्न करू नकोस, तुझे मस्तक गळून पडेल. सॉक्रेटिसच्या संवादांत असा थांबा नाही, पण अंतिम सत्य सांगणारा गुरूही नाही. आपल्याला ठाऊक नाही असे म्हणणाराच तेथे प्रश्न विचारतो. ज्याला उपनिषदांचा परिचय आहे त्याला हा फरक इतरांपेक्षा लवकर आणि अधिक खोलवर जाणवेल, म्हणून आपण ते अवश्य वाचावेत.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. न्यायदर्शन म्हणजे भारतीय तर्कशास्त्राचे दर्शन; त्याच्या न्यायसूत्रांतील वाद (सत्य शोधण्यासाठी चर्चा), जल्प (जिंकण्यासाठी चर्चा) आणि वितंडा हे वर्गीकरण सॉक्रेटिसला लावून पाहिले तर बाह्य रूपावरून तो वितंडेकडे झुकतो, हे मान्य केले पाहिजे. प्रतिपक्षाची स्थापना तो सहसा करत नाही. परंतु वितंडा हा विजयासाठी केला जाणारा जल्पाचा प्रकार आहे आणि त्यात छल (शब्दाचा अर्थ फिरवून केलेले खंडन) व जाती (फसव्या साम्यावर उभी केलेली उत्तरे) चालतात. प्लेटोने तशा चर्चेचे चित्र ‘युथिडिमस’ या संवादात स्वतंत्रपणे रंगवले आहे. युथिडिमस आणि डायोनिसोडोरस हे दोघे भाऊ कोणाचेही म्हणणे खोडून दाखवतात. त्यांतला एक विचारतो : तुझ्याकडे कुत्रा आहे ना? त्याला पिल्ले आहेत? म्हणजे तो बाप आहे, आणि तो तुझा आहे. तेव्हा तो तुझा बाप आहे. सॉक्रेटिस असे करत नाही. समोरच्याने खरोखर मानलेले तेवढेच सांगावे, ही त्याची अट असते, आणि खंडन होते ते त्या माणसाच्याच दोन विधानांतील विरोध दाखवून. तरीही काही ठिकाणी, विशेषतः ‘प्रोटॅगोरस’मधील कवितेच्या अर्थाच्या चर्चेत, सॉक्रेटिसही छलाच्या जवळ जातो असे मला वाटते. न्यायदर्शन शिकलेल्या वाचकाने एकेका संवादातील निग्रहस्थाने, म्हणजे चर्चेत हार ठरवणाऱ्या चुका, मांडून पाहिली, तर ग्रीक जाणणाऱ्यांच्याही उपयोगी पडेल असे काम होईल.

प्रश्न : येथील महाराष्ट्र मंडळातील आम्ही काही कुटुंबे महिन्यातून एकदा जमून वाचन करतो. ‘मेनो’ घेतला, पण प्रत्येकाकडे निराळे इंग्रजी भाषांतर असल्यामुळे पाने जुळत नाहीत. कोणते भाषांतर घ्यावे? नववी-दहावीतील मुलांनाही बसवावे का? (न्यू जर्सी, अमेरिका)

उत्तर : पाने जुळण्याची सोय आधीपासून आहे. १५७८ मध्ये आंरी एत्येन, म्हणजे लॅटिन नावाने स्टेफानस, याने प्लेटोचे समग्र ग्रंथ तीन खंडांत छापले. त्या आवृत्तीचे पृष्ठांक आणि प्रत्येक पानाच्या विभागांची ए ते ई ही अक्षरे आजच्या बहुतेक चांगल्या भाषांतरांच्या समासात दिलेली असतात. गुलाम मुलाचा प्रसंग कोणत्याही पुस्तकात ८२च्या सुमारास सुरू होतो. खंड तीन असल्यामुळे तेच आकडे पुन्हा येतात, म्हणून संवादाचे नाव बरोबर लिहावे. जॉवेटचे १८७१ मधील भाषांतर विनामूल्य मिळते आणि त्याची इंग्रजी सुंदर आहे, पण ती ऐकताना सगळी पात्रे व्हिक्टोरियन सद्गृहस्थ वाटू लागतात आणि युक्तिवादाची धार कमी होते. गटासाठी १९९७ मध्ये जॉन कूपर यांनी संपादित केलेला समग्र प्लेटोचा खंड अधिक बरा. भाषांतरे निराळी राहिली तरी बिघडत नाही. एखाद्या ओळीवर दोन भाषांतरे फार वेगळी पडली, तर तेथे अर्थाविषयी खराच वाद आहे असे समजावे.

मुलांविषयी सांगायचे तर ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात खुद्द सॉक्रेटिस म्हणतो की तरुणांना वादविद्येची चव लवकर लागली तर ते कुत्र्याच्या पिल्लांप्रमाणे दिसेल त्याचे लचके तोडत सुटतात, त्याच्या आदर्श नगरात ही विद्या तिशीनंतर मिळते. पण प्लेटोने त्याला किशोरवयीन मुलांशी मनसोक्त बोलतानाही दाखवले आहे, त्यामुळे आपण मुलांना अवश्य बसवावे. भूमिका वाटून मोठ्याने वाचावे आणि उत्तरदात्याची भूमिका करणाऱ्याला, छापलेले ‘हो’ पटले नाही तर तसे सांगून थांबण्याची मुभा असावी. ज्या ओळीपाशी तो थांबला तिचा स्टेफानस अंक टिपून ठेवावा आणि तेथे आपले उत्तर काय असते यावर बोलावे. त्या दिवशी पुढे वाचून झाले नाही तरी चालेल.

मुलांबरोबर ‘मेनो’ऐवजी ‘लायसिस’ने आरंभ करावा, असे मी सुचवीन. त्यात सॉक्रेटिस लायसिस नावाच्या मुलाला विचारतो की तुझे आईवडील तुझ्यावर एवढे प्रेम करतात, मग तुला रथ का हाकू देत नाहीत, आईच्या मागाला हात का लावू देत नाहीत? मी अजून लहान आहे म्हणून, असे लायसिस म्हणतो. मग वाचन, लेखन आणि वीणावादन तुझ्यावर कसे सोपवतात? ते मला येते म्हणून. येथून सॉक्रेटिस त्या मुलाला पायरी-पायरीने अशा निष्कर्षापर्यंत नेतो की ज्या बाबतीत आपण निरुपयोगी असू त्या बाबतीत आपल्यावर कोणी, अगदी आईवडीलसुद्धा, प्रेम करणार नाहीत. आणि लायसिस ते मान्य करतो. आपल्या घरची मुले तेथे ‘हो’ म्हणतील असे मला वाटत नाही, आणि त्यांनी नकार दिला की कोणती पायरी नाकारली ते त्यांनाच विचारावे.